सेपरेट : विभक्त की स्वतंत्र?

इंग्रजीतला 'सेपरेट' हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. सेपरेट खोली, सेपरेट मीटर, लग्नानंतर 'सेपरेट राहणारा' मुलगा, हे सारे आमच्या रोजच्या बोलण्यात आहे. डेअरीत 'सेपरेट दूध' म्हणतात, ते साय काढून घेतलेले दूध. म्हणजे वेगळे केले एवढ्याने भागत नाही. वेगळे करताना साय कोणाच्या भांड्यात गेली, हे पाहावे लागते. आमच्या समाजाचा सारा इतिहास या एका प्रश्नात सामावला आहे.

सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत मैंदर्गी हे नगरपरिषदेचे गाव आहे. येथे कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा नांदतात. 'प्रत्येक' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण अर्थ निराळा. मराठीत 'प्रत्येक' म्हणजे एकूण एक, कोणालाही न वगळता. कन्नडमध्ये 'प्रत्येक' म्हणजे वेगळा, सेपरेट. एकाच शब्दात सर्वांना मोजणेही आहे आणि एकाला बाजूला काढणेही आहे. सीमेवरच्या माणसाला हा फरक सवयीचा असेल. आम्हाला मात्र तो विचार करायला लावतो.

गावगाड्याने आम्हाला बाजूला काढले. महारवाडा सेपरेट, मांगवाडा सेपरेट, पाणवठा सेपरेट, मसणवटाही सेपरेट. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला बसण्यासाठी घरून आणलेले सेपरेट गोणपाट होते. हे वेगळेपण आम्ही मागितले नव्हते. अमेरिकेतही तेच घडले. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या प्रवाशांसाठी रेल्वेचे सेपरेट डबे वैध ठरवले आणि 'वेगळे पण समान' या तत्त्वाला मान्यता दिली. ते तत्त्व शाळांच्या बाबतीत मोडीत निघायला १९५४ साल उजाडावे लागले. वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात, हे न्यायालयाला तेव्हा मान्य करावे लागले.

परंतु याच शब्दाला दुसरी बाजू आहे, आणि ती बाबासाहेबांनी जगाला दाखवली. गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांसाठी सेपरेट मतदारसंघ मागितला. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने तो मंजूर केला. प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत, असा दुहेरी अधिकार मिळाला. मराठीत त्याला कोणी 'विभक्त मतदारसंघ' म्हणतो, कोणी 'स्वतंत्र मतदारसंघ'. शब्द निवडला की बाजू कळते. 'विभक्त' म्हटले की आम्ही घर फोडणारे ठरतो; 'स्वतंत्र' म्हटले की आपला प्रतिनिधी आपण निवडणारे ठरतो. ज्या समाजाने हजारो वर्षे आम्हाला विहिरीपासून दूर ठेवले, त्यालाच आमच्या मतपेटीने एकी मोडेल अशी भीती वाटली, हा केवढा विरोधाभास!

२० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. ७१ जागांच्या १४८ झाल्या. आकडा वाढला, पण निवडीची किल्ली संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. आज मैंदर्गीसारख्या नगरपरिषदेत ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींसाठी जागा राखीव असतात. उमेदवार आमचा असतो, निवडून देणारा मात्र सगळा प्रभाग असतो. त्यामुळे वस्तीसाठी भांडणारा निवडून येतो की कोणालाच न दुखावणारा, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत उभा राहतो. साय कोणाच्या भांड्यात जाते, ते येथे पाहावे.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेवेळी वेगळ्या गावांची मागणी पुढे आली, आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तिला घटनात्मक रूप दिले गेले. 'सेपरेट' ज्या लॅटिन क्रियापदातून आला, त्यात 'बाजूला' आणि 'सज्ज करणे' असे दोन भाग आहेत. गावाने आम्हाला नुसते बाजूला केले. बाबासाहेबांच्या मागणीत बाजूला होऊन सज्ज होणे होते. महारवाडा आणि स्वतंत्र वसाहत दोन्ही वेगळ्याच. पण पहिलीत आम्ही गावाचे ताबेदार, दुसरीत स्वतःच्या जमिनीचे धनी.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. पण पाटी बदलली म्हणजे सेपरेटपणा संपला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वस्तीकडे जाणारा रस्ता, नळाचे पाणी आणि स्मशानभूमी एकच झाली का, हे तपासले पाहिजे.

म्हणून बांधवांनो, कोणी 'सेपरेट' म्हटले की लगेच बिचकू नका आणि लगेच हुरळूनही जाऊ नका. तीन प्रश्न विचारा : वेगळे कोणी केले? किल्ली कोणाकडे आहे? आणि साय कोणाला मिळाली? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात एका माणसाला एक मत आणि एक मूल्य मिळेल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात ते मूल्य नाकारले जात राहील. ती विसंगती मिटली, तरच कन्नडमधला 'प्रत्येक' आमच्यासाठी मराठीतला 'प्रत्येक' होईल. तोवर आपली संघटना, आपली शाळा, आपले वर्तमानपत्र स्वतंत्र ठेवणे याला फुटीरपणा म्हणत नाहीत. याला सज्ज होणे म्हणतात.