‘एक्लेसिया’ : नगरसभा आणि मंडळी

निजामाच्या राजवटीत तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याचा मुख्य अधिकारी ‘अव्वल तालुकदार’ म्हणविला जाई. लगतच्या, ब्रिटिश अमलातील अहमदनगर जिल्ह्यात त्याच कामाचा अधिकारी ‘कलेक्टर’ असे. हुद्द्यावरूनच मुलूख कोणाचा हे कळे. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचताना आपण हीच दृष्टी ठेविली पाहिजे.

फिलिप्पै ही रोमन वसाहत. म्हणून तेथे रोमन धर्तीचे न्यायाधिकारी व त्यांचे छडीदार आढळतात (16:20, 35). थेस्सलनीका हे स्वायत्त नगर. तेथील अधिकाऱ्यांना लूक ‘पोलितार्ख’ म्हणतो (17:6), आणि त्याच नगराच्या वेशीवरील शिलालेखात हा हुद्दा कोरलेला सापडला आहे. इफिसात नगराचा चिटणीस जमावाला आवरून कायदेशीर सभेची वाट दाखवितो (19:39). मूळ ग्रीकमध्ये त्या सभेस शब्द आहे ‘एक्लेसिया’. आपण ‘मंडळी’ असे भाषांतर करतो तोच.

हा शब्द जुन्या नगरराज्यांतून आला. ख्रि. पू. पाचव्या शतकात अथेनैच्या एक्लेसियात प्रत्येक प्रौढ पुरुष नागरिकाला बोलण्याचा अधिकार होता, आणि पाचशे जणांचे कार्यकारी मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. स्पार्टात दोन राजे, साठी ओलांडलेले अठ्ठावीस वडील व पाच वार्षिक अधिकारी राज्य चालवीत. जनसभेने वडिलांच्या ठरावावर केवळ आरोळीने कौल द्यावयाचा. मात्र एका बाबतीत दोन्ही नगरे सारखीच होती : स्त्रिया, दास व परके यांना सभेत स्थान नव्हते.

सप्तती भाषांतराने हाच शब्द इस्राएलाच्या मंडळीस लाविला होता, आणि पहिल्या ख्रिस्ती जनांनी तो स्वतःसाठी घेतला. परंतु सभासद कोण, याचे उत्तर त्यांनी पालटले. फिलिप्पैतील बंधुजन लुदियेच्या घरी जमत (16:40). ती स्त्री, शिवाय थुवतीराची, म्हणजे परगावची. नगराच्या सभेत जिला आसन नव्हते, तिचेच घर एक्लेसियाचे स्थान झाले.

तेव्हा आपल्या वार्षिक सभेत आपण अथेनैचे अनुकरण करतो की स्पार्टाचे, एवढेच विचारून भागणार नाही. शेवटच्या बाकावरील विधवेला बोलावयास सांगितले जाते काय, हे पाळकांनी व धर्मशिक्षकांनी आधी पाहावे. इफिसात लोक दोन तास ओरडत राहिले, आणि आपण कशासाठी जमलो हे बहुतेकांना ठाऊक नव्हते.