मखमली ससा

ससा हा प्राणी तुम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु आपल्या माळरानांवरून उड्या मारीत पळणारा रानससा आणि पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा हे एकाच कुळातील असले, तरी एका जातीचे नव्हेत. रानससा बीळ खणीत नाही. त्याची पिल्ले उघड्यावरच जन्मतात आणि जन्मतःच त्यांचे डोळे उघडे व अंग केसांनी झाकलेले असते. पाळीव सशाची पिल्ले मात्र मिटल्या डोळ्यांची व केसांवाचून जन्माला येतात. पाळीव सशांचे पूर्वज म्हणजे स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स या प्रदेशांत बिळे करून राहणारे ससे होत. त्यांच्यापासून माणसाने अनेक वाण निर्माण केले. कोणाचे कान लोंबते, कोणाची लोकर हातभर, तर कोणाचा देह मांजरापेक्षाही मोठा! या सर्वांत ज्याच्या अंगावरून हात फिरविताच मखमलीची आठवण व्हावी, असा एक वाण आहे. त्याचे नाव रेक्स.

ही मखमल कशामुळे निर्माण होते? साध्या सशाच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात. आत मऊ, दाट लव असते. तिच्यातून वर डोकावणारे लांब व राठ केस पावसापासून आणि काट्याकुट्यांपासून तिचे रक्षण करतात. रेक्स सशाचे हे राठ केस वाढतच नाहीत. ते लवेइतकेच आखूड राहतात. त्यामुळे सारे केस एका उंचीचे होतात आणि कापलेल्या हिरवळीप्रमाणे ताठ उभे राहतात. त्याच्या मिशाही आखूड व वाकड्या असतात.

या वाणाचा जन्म कोणी योजून घडवून आणला नाही. फ्रान्समधील सार्त नावाच्या प्रांतात देझिरे कायाँ हा शेतकरी राहत होता. 1919 साली त्याच्या साध्या करड्या सशांच्या एका वेतात एक विचित्र पिल्लू निघाले. त्याच्या अंगावर केस जेमतेमच होते. पुढे तसेच आणखी एक पिल्लू जन्मले. सुदैवाने त्यांतील एक नर व दुसरी मादी होती. एखाद्याने अशी पिल्ले निरुपयोगी म्हणून टाकून दिली असती. परंतु जवळच्याच कुलाँझे गावचे धर्मगुरू आमेदे जिले यांनी ती जपली आणि त्यांच्यापासून नवा वाण सिद्ध केला. बीव्हर या जलचर प्राण्याची कातडी त्या काळी फार मोलाची मानली जाई. या सशाचा रंग व लव पाहून जिले यांनी त्याला ‘कास्तोरेक्स’, म्हणजे ‘बीव्हरांचा राजा’, असे नाव दिले. 1924 साली पॅरिसच्या प्रदर्शनात हा ससा लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी तो अमेरिकेतही पोहोचला.

परंतु राजाचे नाव मिळाले म्हणून राजाचे बळ मिळत नाही. सुरुवातीचे रेक्स ससे फार नाजूक होते. जवळच्या नात्यातील नरमाद्यांपासूनच त्यांची पैदास होत असल्यामुळे पिल्ले दुबळी निपजत. कित्येकांच्या अंगावर धड केसही नसत. तेव्हा पैदास करणाऱ्यांनी त्यांचा संकर इतर धडधाकट वाणांशी केला. पहिल्या पिढीत सारी पिल्ले साध्या केसांची झाली. मखमल नाहीशी झाली काय? मुळीच नाही. ती केवळ लपली होती. प्रत्येक पिल्लाला एकेका गुणाची दोन जनुके मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. रेक्सचे जनुक दुबळे. साध्या केसांच्या जनुकासमोर ते दबून राहते. दोन्हीकडून रेक्सचेच जनुक आले, तरच मखमल प्रकट होते. म्हणून त्या साध्या दिसणाऱ्या भावंडांची संतती झाली, तेव्हा सरासरीने चार पिल्लांत एक मखमली निघाले. ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याच्या रोपांवरून 1866 साली प्रसिद्ध केलेला नियम येथेही खरा ठरला. कायाँच्या साध्या सशांच्या पोटी विचित्र पिल्ले कशी जन्मली, याचाही उलगडा या नियमानेच होतो. पुढे 2011 साली शास्त्रज्ञांनी हा फेरफार नेमका कोणत्या जनुकात आहे, हे शोधून काढले. त्या जनुकाच्या लांबलचक लिपीतील केवळ एक अक्षर गळाले आहे! याच जनुकात बिघाड झाल्यास माणसाचेही केस विरळ व कुरळे होतात.

वाण स्थिर झाला, तसा त्याचा आदर्शही ठरविण्यात आला. प्रदर्शनातील परीक्षक आपल्या आवडीनिवडीने बक्षिसे देत नाहीत; लिखित निकषांवर प्रत्येक ससा पारखून घेतात. अमेरिकेतील निकषांप्रमाणे प्रौढ नराचे वजन साडेसात ते साडेनऊ पौंड, म्हणजे सुमारे 3.4 ते 4.3 किलोग्रॅम असावे लागते. मादी त्याहून थोडी जड चालते. केसांची आदर्श लांबी पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 1.6 सेंटिमीटर. परीक्षक शेपटीकडून डोक्याकडे उलटा हात फिरवितो. केस दाट व ताठ असतील, तर ते हाताला किंचित विरोध करतात. नंतर तो लवेवर फुंकर घालून केस मुळापर्यंत पाहतो. तपकिरी ‘कास्तोर’ सशाचे केस वरून गर्द तपकिरी, मध्ये तांबूस आणि मुळाशी पाटीच्या रंगाचे दिसतात. राठ केस लवेच्या वर डोकावत असतील, तर तो दोष मानतात. दातांची ठेवण बिघडली असेल, तर ससा स्पर्धेतूनच बाद होतो. कारण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि ते एकमेकांवर नीट घासले गेले नाहीत, तर त्याला खाता येत नाही.

आता या सशाच्या तळव्यांकडे पाहा. सशाच्या पायांना मांजरासारख्या गाद्या नसतात. केस हेच त्याचे पादत्राण. रेक्सच्या तळव्यावरील केसही आखूड असल्यामुळे तारेच्या जाळीवर ठेवलेल्या सशाला जखमा होतात. म्हणून जाणता पाळणारा त्याला बसावयास फळी देतो, खाली कोरडे गवत अंथरतो आणि ज्याच्या तळव्यांवर दाट केस आहेत, अशाच सशाची पैदास करतो.

रानात जन्मला असता, तर असा ससा पावसाथंडीत फार काळ तगला नसता. त्याचे सौंदर्य माणसाने निवडले. तेव्हा त्या सौंदर्याबरोबर आलेली उणीव भरून काढणे हेही माणसाचेच काम आहे. प्रदर्शनात परीक्षकाचा हात सशाच्या पाठीवरून फिरतो, त्याच हाताने तो सशाला उचलून त्याचे तळवेही तपासतो, ते याचसाठी.