आंत तोंड करून बसलेलें घर

मोरोक्को देशांतील फेझ या जुन्या नगरांत गल्लीवरून घराची श्रीमंती ओळखतां येत नाहीं. दोन्ही बाजूंस उंच, उघड्याबोडक्या भिंती आणि मधूनमधून एखादा बुटका दरवाजा, एवढेंच दिसतें. तटाच्या आंतील अरुंद गल्ल्यांत मोटार जात नाहीं. ओझीं गाढवें व खेचरें वाहतात. त्यांचे हांकणारे मागून ‘बालक! बालक!’ असें ओरडतात. संस्कृत जाणणारा मनुष्य मूल शोधूं लागेल. तेथील बोलींत मात्र त्याचा अर्थ ‘संभाळा, बाजूस व्हा’ असा आहे.

अशाच एका घरांत आम्हीं तीन रात्री काढल्या. दारांतून आंत जाणारी वाट मुद्दाम वळविलेली असते. त्यामुळें दार उघडें असलें तरी रस्त्यावरील दृष्टि चौकापर्यंत पोहोंचत नाहीं. वळण ओलांडलें कीं वर मोकळें आकाश, मध्यें कारंजें, चार वाफे व त्यांत संत्र्यालिंबांचीं झाडें. यासच ‘रियाद’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ बाग. बाग नसून नुसता फरसबंद चौक असेल तर त्या घरास ‘दार’ म्हणतात. आपल्या वास्तुशास्त्रांतील चतुःशाल गृहाची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

भिंतींच्या खालच्या अंगास हातानें छिनून बसविलेले रंगीत फरशीचे तुकडे, त्यावर कोरीव गिलावा आणि माथ्यावर देवदाराचें काम. तुळईच्या लांबीनें खोलीची रुंदी ठरते. म्हणून खोल्या लांबट व अरुंद असतात. बहुतेकींचें दार चौकाकडेच उघडतें. एकीकडे कोणी खोकलें तरी दुसरीकडे ऐकूं यावें, अशी ही रचना. ती एकट्यादुकट्यासाठीं नव्हे, पुष्कळ माणसांसाठीं केलेली आहे.

मग तीं माणसें गेलीं कोठें? १९१२ सालीं फ्रेंचांचें संरक्षित राज्य आलें. त्यांनीं जुनें नगर तसेंच ठेवून बाहेर नवें वसविलें. सधन कुटुंबें हळूहळू तिकडे व कॅसाब्लांकाकडे गेलीं. १९५६ च्या स्वातंत्र्यानंतर हा ओघ वाढला. रिकाम्या वाड्यांत खेड्यांतून आलेलीं गरीब बिऱ्हाडें एकेका खोलींत राहूं लागलीं. वारस अनेक, हिस्से लहान; दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा? भिंतींना टेकू लागले. १९८१ सालीं युनेस्कोनें या नगरास जागतिक वारशांत स्थान दिलें. पुढें परदेशीयांनीं व तद्देशीयांनींही अशीं घरें विकत घेऊन नीट केलीं व त्यांच्या अतिथिशाळा केल्या. त्यामुळें फरशीकाम व गिलावा करणाऱ्या कारागिरांस काम मिळालें. परंतु कित्येक ठिकाणीं चौक राहिला आणि कुटुंब गेलें.

आम्ही उतरलों तें घर विकलें गेलें नव्हतें. त्याचे वारस अकरा. वांटणी केली तर प्रत्येकाच्या वांट्यास धड एक खोलीही येईना आणि विकण्यास दोघी बहिणी राजी होईनात. शेवटीं पाहुणे ठेवावे, उत्पन्नांतून आधीं छपराची डागडुजी करावी व उरेल तें वांटून घ्यावें, असें ठरलें. हें आम्हांस सांगणारे धाकटे बंधु सकाळीं पुदिन्याचा चहा स्वतः ओतीत. आमच्या शाकाहाराची चौकशी करून त्यांनीं वाळलेल्या बाकल्याचें दाट सार, वर ऑलिव्हचें तेल व जिरें घालून, वाढविलें.

जिने उंच व अरुंद आहेत. वृद्धांनीं खालची खोली मागून घ्यावी.

ज्या वाचकांच्या घरीं वाड्याच्या हिश्शांचा प्रश्न आज ना उद्यां उभा राहणार आहे, त्यांनीं या घराचा एक नियम ऐकून ठेवावा. ईदेच्या दिवसांत तेथें पाहुणा घेत नाहींत. त्या दिवशीं अकराही वारस मुलाबाळांसह येतात आणि साऱ्या खोल्या त्यांनाच लागतात.