वलगणीच्या रात्री अंगावर काय असावे

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून ओढे वाहू लागले की ठाणे जिल्ह्यातील कित्येक गावांत त्या रात्री पुरुषमाणूस घरी सापडणे कठीण. उल्हास, काळू, भातसा या नद्यांतील मासे अंडी घालण्यासाठी नव्या पाण्यातून ओढ्यांत व भातखाचरांत चढतात, आणि त्यांच्या मागावर बत्त्या, पाग व टोपल्या घेऊन माणसे निघतात. हीच वलगण. रानातील शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरली आहे. तेव्हा मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांत हंगामाच्या आरंभीची शिकार म्हणून जी उरली ती ही माशांची व खेकड्यांचीच. तिची तयारी करताना जाळ्याची भोके आठवणीने सांधली जातात. अंगावरील कपड्यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

हा विचार करावयास हवा, याचे कारण शेतीतच आहे. याच सुमारास भाताची रोपे टाकलेली असतात आणि तीन-साडेतीन आठवड्यांत ती लावणीस येतात. घाण पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप बहुधा एक ते दोन आठवड्यांनी प्रकट होतो. म्हणजे वलगणीच्या रात्री घेतलेला रोग नेमका लावणीच्या तोंडावर माणसाला अंथरुणास खिळवतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात या रोगाने थैमान घातले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून तो पाण्यात उतरतो, आणि पहिला पाऊस गावातील सारी घाण धुऊन ओढ्यातच आणतो.

आता हवेचा विचार करू. मृगातील रात्र पावसाळी असली तरी थंड नसते. हवेत आधीच इतका दमटपणा असतो की अंगावरचा घाम सुकत नाही. त्यामुळे बांधावरून झपाझप चालणारा माणूस पावसाचा थेंब पडण्यापूर्वीच ओलाचिंब होतो. पुढे ओढ्याच्या काठी तास-दोन तास स्थिर उभे राहावे लागते, वारा सुटतो, आणि तेच ओले कापड अंगातील ऊब ओढून घेते. थंडी वाजते ती पावसाने कमी आणि स्वतःच्या घामाने अधिक. म्हणून निघताना अंगावर थोडकेच असावे. घरातून पाऊल टाकताना किंचित गार वाटले तर पोशाख योग्य आहे असे समजावे.

अंगालगत पातळ, सैल सुती बंडी पुरे. तिच्यावर पूर्ण बाह्यांचा सैल सदरा असावा; परंतु तो चालताना खांद्यावर टाकावा आणि काठावर थांबल्यावर घालावा. डासांपासून त्याचा बचाव होतो. सदरा फिकट रंगाचा असल्यास उत्तम. माशाला पाण्यातील हालचाल कळते, आपल्या सदऱ्याचा रंग नव्हे. उलट अंधारात सोबत्याला आपण दिसतो, आणि प्रवाह वाढल्यास तेच महत्त्वाचे ठरते. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काठावर ठेवावा. या लेखातील एकच सूचना पाळावयाची असेल, तर ही पाळावी.

सर्वांत वरच्या आच्छादनाविषयी मतभेद आहेत. बाजारातील प्लॅस्टिकचा रेनकोट पाऊस अडवतो, पण घामही आत कोंडतो. तो घालून चढ चढणारा माणूस आतून भिजतो. आपले इरले या बाबतीत सरस आहे. बांबूच्या कामट्यांचे व पानांचे हे छत्र पाठीवर टेकते, खालून मोकळे राहते आणि आत वारा खेळतो. वाकून काम करणाऱ्यासाठीच ते घडले आहे. मात्र सोसाट्याच्या वाऱ्यात व झुडपांत ते आवरत नाही. घोंगडीची खोळ भिजली तरी ऊब देते, कारण लोकरीच्या तंतूंमध्ये हवा धरून राहते. पण भिजलेली घोंगडी फार जड होते. ती काठावर बसण्यासाठी आहे. खोळ घेऊन पाण्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

पायांकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. बांधावरून जाताना गमबूट असावेत, कारण घोणस व नाग याच दिवसांत बेडकांच्या व उंदरांच्या मागे बाहेर पडतात. प्रवाहात उतरताना मात्र ते काढावेत. पाण्याने भरलेला बूट पाय खाली ओढतो. त्याऐवजी नाडी बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट चालतात, त्यांतून पाणी निथळून जाते. अनवाणी उतरू नये. जखम असलेल्याने तर त्या रात्री काठावर बत्ती धरावी. लुंगी किंवा धोतराचा सुटा सोगा नको. घट्ट खोचलेला काष्टा अथवा आखूड विजार बरी. गुडघ्यापर्यंत कासोटा घालून लुगडे नेसणाऱ्या आमच्या आगरी व वारली आयाबहिणींना हे सांगण्याची गरज नाही. पाचवारी साडी मात्र ओढ्यात घातक आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या आसपास राहणाऱ्यांना एक वेगळी सूचना द्यावी लागते. वालधुनीसारख्या सांडपाणी व रसायने वाहून नेणाऱ्या पात्रांत कोणताही पोशाख उपयोगाचा नाही. तेथे उतरूच नये आणि तेथील मासाही खाऊ नये.

गाभोळीने भरलेले मासे शक्य तितके पुढे जाऊ द्यावेत, नाहीतर पुढच्या मृगात पाग टाकून हाती काय लागणार? घरी परतल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, ओले कपडे लगेच बदलावेत. त्यानंतरच्या महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत कळा किंवा डोळ्यांत लाली दिसल्यास घरगुती काढ्यांवर दिवस न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण वलगणीस पाण्यात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही शेवटची गोष्ट रोपे टाकण्याच्या दिवसांतच घरोघरी सांगून ठेवावी.