कामाची ख्याती आणि कामाचे दप्तर

निपाणी सोडून बेळगावच्या दिशेने निघालेला प्रवासी तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वराकडे जाऊ लागला, म्हणजे महामार्गाच्या दोन्ही अंगांस सिमेंट, सळ्या, पाण्याच्या टाक्या आणि बिगरशेती भूखंड यांच्या जाहिरातींची जी अखंड मालिका त्याच्या दृष्टीस पडते, तीत ही सारी सामग्री ज्यांच्या हातून भिंतींत आणि छपरांत रूपांतर पावते त्या माणसांची नावे जवळजवळ कोठेच आढळत नाहीत. सिमेंट विकणाऱ्याचे नाव पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगविलेले असते. त्याच सिमेंटातून शाळा, वखार अथवा मंगल कार्यालय उभे करणाऱ्याचे नाव शोधावयाचे, तर बांधकामाच्या फाटकापाशी बांबूला बांधलेल्या पत्र्यावर वाकून पाहावे लागते.

वास्तुविशारदांच्या बाबतीत या अल्पाक्षरी वृत्तीस प्रत्यक्ष कायद्याचे अधिष्ठान आहे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाखाली १९८९ साली व्यावसायिक वर्तणुकीचे जे विनियम करण्यात आले, त्यांनी वास्तुविशारदास आपल्या सेवेची जाहिरात करण्यास मनाई केली. कचेरीबाहेर आणि आपण आखलेल्या इमारतीवर नाव लावण्याची मुभा ठेवली, तीही अक्षरांची उंची १० सेंटिमीटरांहून अधिक नसेल या अटीवर. आणि आपल्या अनुभवाची माहितीपुस्तिका द्यावयाची झाल्यास ती नावानिशी व हुद्द्यानिशी ओळखता येतील अशा संभाव्य अशिलांनाच द्यावी, असा निर्बंध घातला. बेळगावच्या टिळकवाडीतून किंवा कॅम्पातून हिंडताना एखाद्या घराच्या कोपऱ्यावर बसविलेली ती छोटी पाटी दिसली, म्हणजे मला या नियमाविषयी आदर वाटतो. ज्या विद्येत चूक झाली असता माणसाचे छप्पर कोसळते, तिचा बाजारात पुकारा होऊ नये ही भूमिका मला आजही योग्य वाटते. परंतु हा नियम मक्तेदारास आणि स्थापत्य अभियंत्यास लागू नाही. आणि तरीही सीमाभागातील बहुसंख्य मक्तेदार जाहिरातीच्या वाटेस जात नाहीत. मग त्यांना काम मिळते तरी कसे, हे पाहण्याच्या हेतूने निपाणी परिसरातील एका मध्यम ऐपतीच्या मक्तेदाराच्या कचेरीत मी काही काळ जाऊन बसत असे.

या गृहस्थांना सारे लोक अण्णा म्हणतात. गवंड्याच्या हाताखाली विटा वाहण्यापासून त्यांनी आरंभ केला; आज त्यांच्याकडे स्वतःचे सेंटरिंगचे सामान, दोन मिक्सर आणि वर्षभर टिकून राहणारे मेस्त्री आहेत. धाकटा मुलगा बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्याची पदवी घेऊन कचेरीत बसू लागला आहे. ‘मार्केटिंग’ हा शब्द मुलाच्या तोंडी असतो. अण्णांच्या तोंडी तो मी कधी ऐकला नाही. परंतु त्या शब्दाने जे अभिप्रेत आहे ते सारे अण्णा आयुष्यभर करीत आले आहेत, आणि त्याचे मुख्य स्थान कचेरी नसून वास्तुशांतीचा मांडव हे आहे.

आमच्या भागात वास्तुशांतीच्या दिवशी घरमालक मेस्त्री, सुतार आणि मक्तेदार यांना टॉवेल-टोपी देऊन, नारळ हाती ठेवून चारचौघांत त्यांचा सत्कार करतो. पंगत उठल्यावर घरभर हिंडणारे सोयरे, स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरविणाऱ्या मावश्या, न्हाणीघरात पाणी ओतून उतार बरोबर आहे का ते पाहणारा एखादा निवृत्त शिक्षक, यांच्यापैकी दोघेतिघे तरी येत्या वर्षात बांधकाम काढणार असतात, आणि ‘फुटाला काय पडले?’ हा प्रश्न ते मालकाला बाजूस घेऊन विचारतात. त्या क्षणी मालक जे सांगतो त्यावर मक्तेदाराचे पुढील हंगामाचे काम ठरते. अण्णा त्या वेळी मुद्दाम तेथून दूर जाऊन बसतात. आपल्या देखत मालकाला मोकळेपणाने बोलता येत नाही, आणि मोकळेपणाने न बोललेल्या स्तुतीवर कोणी घर सोपवीत नाही, असे त्यांचे सांगणे आहे.

याहूनही मला महत्त्वाचे वाटले ते त्यांचे पावसाळ्यातले हिंडणे. पहिले मोठे पाऊस पडून गेले की अण्णा गेल्या दोन-तीन वर्षांत पुरी केलेली घरे एकेक करून पाहून येतात. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. दारात उभे राहून त्यांनी एवढेच म्हटले, “मालक, पाऊस होऊन गेला, वर कुठं ओल धरली का बघून जावं म्हटलं.” मालकिणीने चहा ठेवला, अण्णा गच्चीवर जाऊन पन्हळीच्या तोंडाशी साचलेला पाला काढून आले, कठड्याच्या बुडाशी केसाएवढी भेग दिसली तिच्यावर खडूने खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला पाठविण्याचे कबूल करून निघाले. पैशाचा विषय निघाला नाही. निघता निघता मालकाने आपल्या मेहुण्याला चिकोडीस दुकानगाळे बांधावयाचे असल्याचे सांगितले. अण्णा ते गाळे मिळविण्यासाठी तेथे गेले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि गाळ्यांचा विचार त्यांच्या मनात मुळीच नव्हता असे म्हणणेही खरे होणार नाही. कर्तव्य आणि व्यवसाय या दोहोंचा असा सांधा जेथे बेमालूम जुळतो तेथेच बांधकामाच्या धंद्याची पत निर्माण होते, असे माझे मत झाले आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये या पतीची मोठी कसोटी लागली. वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले, रहदारी बंद पडली, आणि नदीकाठच्या गावांतील मातीची घरे बसली. पूर्णतः पडलेल्या घरास राज्य शासनाने ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. परंतु ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्याहप्त्याने मिळावयाचे असल्यामुळे, पाया भरून झाल्यावर पुढचा हप्ता येईतो काम बंद न ठेवणारा मक्तेदार कोण, ही चौकशी गावोगाव होऊ लागली. अशा वेळी दरपत्रके कोणी ताडून पाहत नाही. पूर्वी कोणाचे काम अर्धवट राहिले आणि कोणाचे पुरे झाले, हेच लोक आठवून पाहतात.

येथपर्यंतची सारी व्यवस्था लोकांच्या स्मरणावर चालते. मात्र सरकारी कामाच्या दारात हे स्मरण चालत नाही. तेथे दप्तर लागते. कर्नाटकात १९९९ चा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता अधिनियम आल्यापासून निविदेचा सारा शिरस्ता लेखी आणि काटेकोर झाला, आणि पुढे संगणकावर गेला. मोठ्या कामास दोन लिफाफे असतात. पहिल्यात पात्रतेचे दस्तऐवज: नोंदणीचा दर्जा, मागील वर्षांची उलाढाल, समान स्वरूपाचे काम पुरे केल्याचा दाखला, यंत्रसामग्रीची यादी, बयाणा रक्कम भरल्याचा पुरावा. दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा ज्याचा ग्राह्य ठरेल त्याचाच दुसरा उघडावयाचा, आणि त्यांत ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम द्यावयाचे. शिवाय निविदाक्षमतेचे एक गणित असते: गेल्या ५ वर्षांपैकी ज्या वर्षी सर्वाधिक काम झाले त्या रकमेस कामाच्या मुदतीने आणि ठरावीक गुणकाने गुणावयाचे, आणि हाती असलेल्या कामांचा बोजा त्यातून वजा करावयाचा. उरलेली रक्कम निविदेच्या अंदाजाहून कमी भरली, तर माणूस कितीही कर्तबगार असो, त्याचा कागद बाजूस पडतो.

या शिरस्त्याविषयी तक्रारीचा सूर लावण्याची चाल आहे. ती मला मान्य नाही. ओळखीपाळखीने मक्ते वाटले जाण्यापेक्षा गणिताने वाटले जावेत हे केव्हाही इष्ट. माझी खंत निराळी आहे. बेळगाव आणि निपाणीच्या टापूतील कित्येक लहान मक्तेदारांनी महामार्गाची गटारे, सेवारस्ते, मोऱ्या, संरक्षक भिंती हे सारे स्वतःच्या मजुरांनी बांधले. परंतु ते मोठ्या कंपन्यांचे पोटमक्तेदार म्हणून. मूळ करारात त्यांचे नाव नाही, म्हणून मोजमाप-पुस्तकात नाही, म्हणून पूर्णतेच्या दाखल्यात नाही. आणि पात्रतेची अट बहुधा मुख्य मक्तेदार म्हणून केलेल्या कामाची असते. ज्या माणसाने मोरी बांधली त्याला मोरी बांधण्याचा अनुभव नाही, असे कागद म्हणतो. यावर उपाय करार करतानाच करावा लागतो: पोटमक्त्याचा लेखी करार, प्रत्येक देयकाची प्रत, वस्तू व सेवा कराच्या नोंदी, कामाच्या टप्प्यांची तारीखवार छायाचित्रे. असे दप्तर ठेवणारे आमच्या भागात फार थोडे, आणि या एका उणिवेने जितक्या कर्त्या माणसांना दुसऱ्याच्या हाताखाली खिळवून ठेवले आहे तितक्यांना भांडवलाच्या अभावानेही ठेवले नसेल.

सीमेवरील मक्तेदाराच्या दप्तरास आणखी एक घडी पडते. निपाणीहून महाराष्ट्रातले कागल जवळ. सोयरीक, बाजार, मेस्त्री सारे दोन्हींकडचे. परंतु कर्नाटकाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील नोंदणी महाराष्ट्राच्या खात्यात चालत नाही, तेथे निराळी नोंदणी करावी लागते, आणि बेळगावच्या छावणीतील लष्करी बांधकामासाठी तिसरीच. निविदेची सूचना कन्नडात वाचावयाची, परिमाणांचे तक्ते इंग्रजीत भरावयाचे, आणि मजुरांशी व घरमालकांशी व्यवहार मराठीत, असा अण्णांच्या कचेरीचा नित्यक्रम आहे. २०२४ च्या दुरुस्तीने नामफलकावर ६० टक्के जागा कन्नडास देणे आवश्यक झाले, तेव्हा त्यांनी कचेरीची पाटी नव्याने रंगवून घेतली. १९५६ पासून या मातीवर भाषेचा जो प्रश्न उभा आहे, आणि १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानेही जो मिटला नाही, त्याचे दुःख येथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तरीही, कन्नड भाषिक शाखा अभियंत्याने अण्णांच्या कामाविषयी कन्नडात दिलेला प्रशंसेचा दाखला त्यांनी चौकटीत घालून देवाच्या तसबिरीखाली लावला आहे, हे मी पाहिले आहे आणि त्याचा मला आनंद वाटला आहे.

कामाची वार्ता लेखी स्वरूपात लोकांपर्यंत नेण्याचा संस्कार या भूमीला अपरिचित होता असे नाही. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून ज्यांनी आरंभ केला त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना यमाईच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम दिले. त्या परिचयातून कुंडल रोड स्थानकाजवळची माळजमीन मिळाली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती मुळात कारखान्याचा माल आणि त्याचे ग्राहक यांच्यात संबंध राखण्यासाठी. तिचेच पुढे मराठीतील एक मान्यवर मासिक झाले. नांगर विकणाऱ्या किर्लोस्करांनी जे शंभर वर्षांपूर्वी ओळखले ते घरे बांधणाऱ्यांनी अद्याप ओळखलेले नाही. नवी इमारत उघडली की बेळगावच्या ‘तरुण भारता’त फरशीवाल्यापासून रंगवाल्यापर्यंत सर्वांच्या शुभेच्छांचे पान झळकते, परंतु पाया किती खोल गेला, काळ्या मातीत तो कसा धरला, जांभ्याची भिंत का घेतली, हे कोणी लिहीत नाही.

सदनिका विकणाऱ्या विकासकांचे जग निराळे. क्रेडाई या त्यांच्या संघटनेच्या बेळगाव शाखेचे ‘बेलकॉन’ प्रदर्शन, तेथील प्रतिकृती आणि रंगीत पत्रके यांविषयी येथे विस्तार करीत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता सक्तीचा केला, आणि जाहिरातीतील खोट्या विधानामुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास भरपाईचा बोजा प्रवर्तकावर टाकला, एवढे सांगणे पुरे.

अण्णांच्या मुलाने आता कचेरीत एक कपाट केवळ दप्तरासाठी केले आहे. प्रत्येक कामाची निराळी बासने नि त्यांत नकाशा, अंदाजपत्रक, सळ्या बांधून झाल्यावरची छायाचित्रे, ठोकळ्यांच्या दाबचाचणीचे अहवाल, स्लॅबची तारीख, मालकाचा अभिप्राय आणि पावसाळी फेरीत आढळलेले दोषही. दोष लिहून ठेवण्यास अण्णांचा आरंभी विरोध होता. मुलाचे म्हणणे असे की पुढच्या निविदेचा दर काढताना हेच कागद सर्वांत उपयोगी पडतात. कोणत्या कामात कोठे पैसा गळाला हे ठाऊक नसेल तर दर अंदाजाने भरावा लागतो, आणि अंदाजाने भरणारा स्पर्धेच्या भरात अंदाजपत्रकाच्या पंधरा-वीस टक्के ‘बिलो’ जाऊन काम घेतो व मग ते निकृष्ट करतो किंवा अर्धवट टाकतो.

मी शेवटी गेलो त्या दिवशी पिता-पुत्रांपुढे एका प्राथमिक शाळेच्या खोल्यांची निविदा उघडलेली होती. मुलगा जागा पाहून आला होता: काळी माती, पाण्याची टाकी दूर, पावसात ट्रक न जाणारा रस्ता. जुन्या दोन कामांची बासने काढून त्यांनी खोदाईचा आणि वाहतुकीचा खरा खर्च मांडला, आणि शासनाच्या दरसूचीपेक्षा तो किती चढतो हे पाहिले. बयाणा रक्कम बुडणार नव्हती, कारण ती अद्याप भरलेली नव्हती. अण्णांनी कागद मिटला आणि मुलाला सांगितले, “ह्याला आपण नको. चिकोडीचे गाळे आहेत, त्यांचं एस्टिमेट आज काढ.” मुलाने शाळेच्या जागेची टिपणेही एका बासनात घालून त्यावर तारीख घातली, आणि गाळ्यांचा नकाशा पसरला.