दारचा नवा दिवा आणि भिंतीतील जुनी पेटी

तिन्हीसांजेला घराच्या दारी दिवा लागावा, ही आपल्या देशातील फार जुनी रीत आहे. पणतीची जागा कंदिलाने घेतली आणि कंदिलाची विजेच्या दिव्याने. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यावर विजेचे दिवे प्रथम उजळले. त्यानंतर हळूहळू हा प्रकाश शहरांतून गावांत आणि गावांतून वाड्यावस्त्यांवर पोहोचला. आज तर जुना पिवळा बल्ब जाऊन त्या ठिकाणी एल.ई.डी. दिवा येत आहे. परंतु दिवा ज्या वेगाने बदलतो, त्या वेगाने त्यामागील तार आणि पेटी बदलत नाही. दिवा बाजारातून काल आणलेला असतो. पेटी मात्र आजोबांनी घर बांधले त्या काळची असते. या दोहोंची गाठ नीट पडली नाही, तर त्याचे परिणाम केवळ दिवा न लागण्यापुरते मर्यादित राहत नाहीत.

आपले बिऱ्हाड इंदुरास असो की बडोद्यास, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असो की आसामातील एखाद्या मळ्यावर, ओसरीवरील वा फाटकावरील दिव्याला ऊन, वारा आणि पाऊस यांना तोंड द्यावेच लागते. घरातील दिव्याच्या जोडकामात राहिलेली उणीव वर्षानुवर्षे झाकली जाईल. बाहेरच्या दिव्यातील उणीव पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते. ओल्या भिंतीला टेकलेला हात, लोखंडी फाटकाशी खेळणारे मूल किंवा अंगणात पाणी शिंपडणारी गृहिणी यांपैकी कोणाच्या वाट्याला तो धक्का येईल, हे सांगता येत नाही. म्हणून हे लहानसे काम समजून उमजून करणे किंवा करवून घेणे अगत्याचे आहे.

कोणते काम आपले, कोणते वायरमनचे?

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील ४५ व्या नियमाने घरातील दिवे, पंखे, फ्यूज, स्विच व तत्सम साधने बदलण्याची मोकळीक दिली होती. मात्र त्यामुळे मूळ जोडणीचे स्वरूप वा क्षमता बदलता कामा नये, अशी अट होती. याहून अधिक काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावयाचे होते. ते नियम आता राहिले नाहीत, पण नंतरच्या विनियमांनीही हेच तत्त्व पुढे चालविले आहे. तेव्हा जुन्या जागी नवा दिवा बसविणे हे एक काम, आणि नवी तार ओढणे, नवा पॉइंट काढणे किंवा अर्थिंग करणे हे दुसरे. दुसऱ्या प्रकारचे काम परवानाधारक वायरमनकडेच सोपवावे. पहिल्या प्रकारचे काम आपण स्वतः केले नाही, तरी ते कसे व्हावे याची माहिती घरधन्याला व घरधनिणीला असली, म्हणजे समोरचा माणूस काम नीट करतो की नाही, हे त्यांना पारखता येते.

प्रथम वीज बंद करा

दिव्याचा स्विच बंद केला म्हणजे वीज बंद झाली, असे मानणे धोक्याचे आहे. अनेक जुन्या घरांत स्विच फेजच्या तारेवर नसून न्यूट्रलच्या तारेवर बसविलेला आढळतो. अशा ठिकाणी स्विच बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. नवा एल.ई.डी. दिवा बंद केल्यानंतरही मंद लुकलुकत राहिला, तर अशा चुकीच्या जोडणीची शंका घ्यावी. स्विचमध्ये लहानसा दर्शक दिवा असला तरीही असे होऊ शकते. म्हणून खात्री वायरमनकडून करून घ्यावी.

मेन स्विच बंद करावा, आणि जुन्या पद्धतीचा चिनी मातीचा फ्यूज असल्यास त्याचा वरचा भाग काढून आपल्या खिशात ठेवावा, म्हणजे घरातील दुसरे कोणी तो नकळत बसविणार नाही. आजकाल पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो. मेन बंद होताच तो आपोआप चालू होतो आणि ज्या तारा निर्जीव झाल्या असे आपण समजतो, त्यांतच वीज सोडतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा. त्यानंतर टेस्टरने तपासावे. मात्र टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून तो ठीक असल्याची खात्री करावी, मग काम करावयाच्या तारांवर लावावा, आणि शेवटी पुन्हा एकदा चालू जागी लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर पेटत नाही, आणि न पेटणारा टेस्टर पाहून मनुष्य निर्धास्त होतो. अपघात नेमका येथेच होतो. मेन बंद असताना चालू जागा घरात उरत नाही, म्हणून ही तपासणी करण्यासाठी बाहेरच्या दिव्याचा फ्यूज स्वतंत्र असल्यास तेवढाच काढून बाकीचा पुरवठा चालू ठेवणे सोयीचे पडते.

शिडी लाकडाची अथवा बांबूची आणि कोरडी असावी. काम दिवसा करावे, पाऊस नसताना करावे, आणि घरातील एक मोठे माणूस जवळ असू द्यावे.

जुन्या पेटीची परीक्षा

जुना दिवा उतरविल्यावर त्यामागे बहुधा तीनपैकी एक गोष्ट दिसते. पहिली म्हणजे लाकडाचा गोल राउंड ब्लॉक. सागवानी बॅटनवरून तार फिरविण्याची पद्धत होती त्या काळात तो सर्रास वापरीत. घरात तो अजूनही टिकतो. बाहेर मात्र लाकूड ओल धरते, स्क्रू गंजतात आणि भिंतीतील लाकडी गिट्टी सैल होते. असा ब्लॉक काढूनच टाकावा व त्या जागी झाकण व रबरी कड असलेली, पाण्यापासून सुरक्षित अशी प्लास्टिकची पेटी बसवावी.

दुसरी म्हणजे भिंतीत गाडलेली लोखंडी पेटी. तिच्या कडा गंजल्या आहेत काय, स्क्रूचे आटे शिल्लक आहेत काय आणि तळाशी पाण्याचे डाग आहेत काय, हे पाहावे. वरवरचा गंज घासून रंग लावता येतो. पण बोटाने दाबताच पापुद्रे निघत असतील, तर त्या पेटीवर नव्या दिव्याचा भार टाकू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे पेटीच नसणे. भिंतीच्या भोकातून दोन तारा नुसत्या बाहेर आलेल्या असतात आणि त्यांवर थेट दिवा टांगलेला असतो. अशा ठिकाणी आधी पेटी बसवून घ्यावी. तारांचा जोड नेहमी पेटीच्या आत असावा आणि पुढे कधी गरज पडल्यास तो उघडून पाहता यावा.

पेटीइतकेच तारांकडेही लक्ष द्यावे. फार जुन्या घरांत रबराचे आवरण असलेल्या तारा असतात. वयोमानाने आणि दिव्याच्या उष्णतेने ते रबर कडक होऊन तडकते. हात लावताच त्याचे तुकडे पडतात. अशा तारेवर चिकटपट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हे. तार बदलणे हाच उपाय होय. त्यानंतरच्या काळात अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या. नव्या दिव्याची तार तांब्याची असते. तांबे व ॲल्युमिनियम यांना एकत्र पीळ दिल्यास ओलाव्यात तो जोड झिजतो, सैल होतो आणि तापतो. अशा वेळी दोन्ही धातूंसाठी योग्य असा कनेक्टर वापरावा, ज्यात दोन्ही तारा एकमेकींना न भिडता स्वतंत्र स्क्रूखाली घट्ट बसतात.

भोके जुळत नाहीत तेव्हा

सर्वांत नेहमीची अडचण ही की, नव्या दिव्याच्या तळाची भोके आणि जुन्या पेटीच्या स्क्रूच्या जागा जुळत नाहीत. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी पेटीची रुंदी, खोली आणि दोन स्क्रूंच्या मध्यबिंदूंमधील अंतर कागदावर टिपून न्यावे. तरीही मेळ बसला नाही, तर एकाच स्क्रूवर दिवा अडकविण्याचा मोह टाळावा. लांबट खाचा असलेली धातूची पट्टी मिळते; ती आधी पेटीला बसवावी आणि तिच्यावर दिवा बसवावा. दिवा जड असेल, तर त्याचा भार पेटीवर न टाकता भिंतीवर टाकावा. विटेत नवी भोके पाडून त्यांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकाव्या. बाहेरच्या कामाला न गंजणारे पोलादी किंवा पितळी स्क्रू घ्यावेत.

दिव्याचा तळ पेटीहून लहान असेल, तर भोवती फट राहते व तीतून पाणी आणि किडे आत शिरतात. तेथे मोठी तळपट्टी घालून पेटी पूर्ण झाकावी. पेटी उथळ असेल, तर तारा कोंबून दिवा आवळू नये. दबलेल्या तारेचे आवरण धातूच्या कडेवर कापले जाते. त्यापेक्षा खोली वाढविणारी जोडपेटी वर बसवावी.

रंगांची भाषा

आपल्या देशातील घरगुती जोडणीत फेजला लाल, पिवळा वा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा असा संकेत आहे. परंतु बाजारातील अनेक दिव्यांच्या तारा दुसऱ्या संकेताच्या असतात : तपकिरी म्हणजे फेज, निळा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा म्हणजे अर्थ. याचा अर्थ, निळी तार दिव्यात न्यूट्रल असते, तर भिंतीत ती फेज असू शकते! म्हणून केवळ रंगाला रंग जोडू नये. दिव्यासोबत आलेला कागद वाचून आणि भिंतीतील तार तपासूनच जोड करावा.

अर्थिंगचा प्रश्न

जुन्या घरांत दिव्याच्या पॉइंटपर्यंत बहुधा दोनच तारा आणलेल्या असतात. अर्थची तार नसते. लाकडी ब्लॉक आणि बल्ब यांना ती उणीव खपून गेली. नवा दिवा मात्र धातूच्या कवचाचा असेल, तर त्याला अर्थ हवाच. अर्थ नाही म्हणून ती तार न्यूट्रलला जोडणे किंवा पाण्याच्या नळाला गुंडाळणे, हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात. अर्थची तार ओढून घेणे शक्य नसेल, तर दुहेरी आवरणाचा दिवा निवडावा. त्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते आणि त्याला अर्थ लागत नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज माणसाचे रक्षण करतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो तारेचे रक्षण करतो. ५ अँपिअरचा फ्यूज ५ अँपिअर प्रवाह बिनतक्रार वाहू देतो, आणि मनुष्याच्या प्राणाला तर त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका प्रवाहही घातक ठरू शकतो. यासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची तो सतत तुलना करतो आणि त्यांत ठरावीक तफावत पडताच, म्हणजे वीज कोणाच्या शरीरातून अथवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊ लागताच, क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

पाऊस, धूळ आणि खारा वारा

बाहेरच्या दिव्यावर ‘आय.पी.’ ही अक्षरे व पुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. छपराखालील ओसरीला ४४ पुरेसा ठरतो. त्याला पाण्याचे शिंतोडे चालतात. उघड्या भिंतीवर वा फाटकाच्या खांबावर ६५ घ्यावा; त्यात धूळ शिरत नाही व पाण्याची धार लागली तरी तो टिकतो. राजस्थानच्या धुळीत पहिल्या अंकाचे महत्त्व अधिक, तर कोकण वा केरळच्या पावसात दुसऱ्याचे. समुद्रकाठी लोखंडापेक्षा चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकचा दिवा अधिक टिकतो.

परंतु दिवा कितीही चांगला असला, तरी भिंत आणि तळ यांमधील फट बुजविली नाही तर त्या अंकांना अर्थ उरत नाही. तळाच्या वरच्या बाजूस व दोन्ही कडांना सिलिकॉन भरावे, खालची बाजू मात्र मोकळी ठेवावी. आत साचलेल्या दमटपणाला व पाण्याला तेथून वाट मिळते. तार बाहेरून येत असेल, तर ती दिव्याच्या खालून आत घ्यावी आणि आधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळातून गळून पडते, दिव्यात शिरत नाही.

लाभाचा हिशेब

ओसरीवर ६० वॅटचा बल्ब रात्री १० तास जळला, तर महिन्याच्या ३० दिवसांत १८ युनिट वीज खर्ची पडते. त्याच जागी ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा लावल्यास २.७ युनिट लागतात. म्हणजे एका दिव्यामागे दरमहा १५ युनिटांहून अधिक बचत होते. त्यातून वाचलेल्या पैशांचा पहिला विनियोग नवी पेटी आणि अर्थची तार यांवर करावा, अशी आमची सूचना आहे. पिवळसर प्रकाशाचा दिवा निवडल्यास किड्यांची गर्दीही कमी होते. आणि दिव्याचे तोंड खाली ठेवल्यास प्रकाश वाटेवर पडतो, शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे.

काम संपल्यावर लगेच समाधान मानू नये. पावसाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी एकदा वीज बंद करून दिव्याचे झाकण उघडावे. आत ओल, गंज वा मुंग्यांचे वारूळ तर नाही ना, हे पाहावे. स्क्रू आवळावेत आणि कडेचे सिलिकॉन सुटले असल्यास पुन्हा भरावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे. घरातील शाळकरी मुलामुलींना ते दुरून पाहू द्यावे आणि कोणती गोष्ट कशासाठी केली, हे त्यांना सांगावे. दारचा दिवा येणाऱ्याला वाट दाखविण्यासाठी असतो. त्याच्यामागची पेटी सुरक्षित असेल, तरच घरातील माणसे त्या प्रकाशात निश्चिंतपणे वावरू शकतील.