डोंगराला पाठ लावून गाळा घेताना

आमच्या ओळखीचे एक फॅब्रिकेटर गेल्या मे महिन्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यात गाळा पाहावयास निघाले, तेव्हा आम्हीही सोबत होतो. गाळा ऐसपैस, लाइट थ्री-फेज, भाडेही बेताचे. मागच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर मात्र डोंगराचा कापलेला कडा उभा होता. विचारले तर मालक म्हणाले, "भाईसाब, पंधरा वर्षे झाली, एक खडा पडला नाही." मित्र खूष झाले. आम्हाला हे उत्तर पटले नाही. का, ते बांधवांपुढे मांडतो, कारण पारसिकच्या दोन्ही अंगांना, इकडे नवी मुंबईत आणि पलीकडे मुंब्रा-कौशात, आपले पुष्कळ कारागीर डोंगराच्या आसऱ्याने धंदा करतात.

इंजिनियर लोक उताराचा हिशेब 'फॅक्टर ऑफ सेफ्टी', म्हणजे सुरक्षा गुणांकाने करतात. माती-दगडाची धरून ठेवण्याची ताकद एका पारड्यात, खाली ओढणारा भार दुसऱ्यात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की गुणांक निघतो. एक आला म्हणजे काठावर, एकाच्या खाली गेला की उतार सुटला. कायमच्या उतारासाठी साधारण 1.5 आणि तात्पुरत्या खोदकामासाठी 1.3 धरण्याचा रिवाज आहे.

चेन-पुली वापरणाऱ्यांना हा आकडा फारच लहान वाटेल. लोखंडी साखळीला साधारण चारपट आणि वायर रोपला पाचपट ताकद राखून माल उचलतात. साखळी कारखान्यातून तपासून येते, तरी तिला चारपट. आणि डोंगराच्या पोटात काय आहे ते चार-दोन बोअर घेऊन ताडायचे, तरी त्याला दीडपट! याला कारण आहे. साखळीला झटके बसतात, ती झिजते. उतारावर मुख्य भार त्याच्या स्वतःच्याच वजनाचा असतो. शिवाय गुणांक तिप्पट-चौपट करायचा तर डोंगर इतका पसरट कापावा लागेल की गाळ्याला जागाच उरणार नाही. म्हणून दीडवर भागवतात. पण अंदाजाने लिहिलेल्या दीडपेक्षा नीट तपासणी करून काढलेला 1.3 अधिक भरवशाचा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. कच्च्या वहीतला नफा आणि गल्ल्यातला नफा यांतला फरक आपण जाणतोच.

खरी मेख पाण्यात आहे. आपल्याकडचा डोंगर काळ्या पत्थराच्या थरांचा, वर मुरूम, थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचे पट्टे. पावसाचे पाणी मुरमातून आणि भेगांतून उतरते व कठीण पत्थरावर अडते. त्याने वजन वाढतेच, शिवाय पाण्याच्या दाबाने कणांची एकमेकांवरची पकड सुटते. समजा, 25 अंशांचा उतार आहे आणि त्यावरील सुट्या मुरमाचा घर्षणकोन 35 अंश. कोरड्या दिवसांत गुणांक दीड भरतो. तोच थर वरपर्यंत पाण्याने भरून पाणी उताराच्या दिशेने झिरपू लागले की गुणांक जवळपास निम्मा, म्हणजे पाऊणच्या घरात. याचा अर्थ थर पुरता भरायच्या आधीच घसरणार.

19 जुलै 2023 च्या रात्री पनवेलजवळच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. घाटकोपरच्या आझादनगरात जुलै 2000 मध्ये दरड झोपड्यांवर आली, तेव्हा साठांहून अधिक माणसे गेली. दोन्ही वेळा दिवस मुसळधार पावसाचे होते.

मग पंधरा वर्षांच्या दाखल्याचे काय? कापलेला डोंगर वर्षागणिक अशक्त होतो. पत्थर सडतो, भेगांत झाडांची मुळे शिरतात, पाणी जाण्याच्या वाटा बुजतात. खाडीकडे उलटा न्याय आहे. तेथील मऊ चिखलावर घातलेला भराव अगदी सुरुवातीला सर्वांत धोक्याचा. चिखलातले पाणी हळूहळू निघून गेले की तो बळकट होत जातो. उलव्याला विमानतळासाठी डोंगर कापून पाणथळ जागेवर भराव घातला, तेथे हे दोन्ही प्रश्न एकाच आवारात आले. सारांश, जुना भराव पाहून निश्चिंत व्हावे तर एक वेळ चालेल, जुना कडा पाहून मुळीच नव्हे.

आम्ही मित्रांना मालकाकडे दोनच गोष्टी मागायला सांगितल्या: उताराची तपासणी कोणी केली, आणि गुणांक काढताना पाण्याची पातळी कोठे धरली. मालकाने भिंतीचा नकाशा आणून दाखवला. भिंत जाडजूड होती, पण पाणी निघायला ठेवलेली भोके सिमेंटने लिंपलेली. गाळ्यात ओल येते म्हणून भाडेकरूनेच ती बंद केली होती! भिंतीमागे पाणी तुंबले की तिच्यावर मातीच्या जोडीला पाण्याचाही रेटा येतो, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितले नसावे. कड्याच्या माथ्यावर पाणी वळवणारे गटार होते, तेही डेब्रिसने भरलेले. दोन्ही कामे चार मजुरांची, दोन दिवसांची. ज्या बांधवांचे गाळे अशा जागी आहेत त्यांनी मृगापूर्वी एवढे उरकून घ्यावे. माथ्यावर जमिनीला नवी चीर दिसली, भिंतीला पोट आले किंवा पायथ्याशी एकाएकी गढूळ झरा फुटला, तर माल आवरत बसू नये. माणसे बाहेर काढून पालिकेला व अग्निशमन दलाला कळवावे.

मित्रांनी अखेर रस्त्यापलीकडच्या रांगेतला गाळा घेतला. जागा लहान आहे आणि भाडे दोन हजारांनी जास्त. लोखंडाचे लांब पाइप आत मावत नाहीत म्हणून ते अजून आमच्यावर थोडे नाराज आहेत.